समज आधी, आवर मागाहून

अल्पवयीन मुलाच्या हातून मोठा अपघात किंवा गुन्हा घडल्याची बातमी आली, म्हणजे आपल्या दक्षिणी मंडळींच्या बैठकीत हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "पोर आहे, त्याला काय कळते आहे!" दुसरा म्हणतो, "सतरा वर्षांचा घोडा झाला, सगळे कळते त्याला. मोठ्यांची शिक्षा द्या." १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. तेव्हापासून हा वाद आपल्या बडोद्यातही मी इतक्या ओट्यांवर ऐकला आहे की दोन्ही बाजूंची वाक्ये मला पाठ झाली आहेत. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्या मुलाला काही तासांतच जामीन मिळाला, याचा संताप तर अजून निवलेला नाही. आणि तो गैर होता असे मला म्हणावयाचे नाही. परंतु दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासताच धरून चालविली आहे. मुलाला कळत होते की नव्हते, एवढाच काय तो प्रश्न, असे दोघांनाही वाटते. मला तसे वाटेनासे झाले आहे, आणि त्याची कारणे वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा खटाटोप.

आता तबला शिकविणाऱ्याने मानसशास्त्रात नाक खुपसावे काय, असे कोणी विचारील. माझे आजोबा दरबारच्या कलावंतांत होते, वडील लहानपणापासून त्यांच्या मागे बसून साथ शिकले आणि पुढे स्वतः दरबारचे तबलजी झाले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तरी वाड्यावरची त्यांची खासगी चाकरी राहिली होती; १९७१ साली तनखे बंद झाले तशी तीही आटली, आणि त्यांनी घरच्या माडीवर शिकवणी मांडली. तीच आज मी चालवितो. सांगायचा मुद्दा एवढाच की बारा ते अठरा या वयाची मुले गेली वीसबावीस वर्षे रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसतात, आणि या वयाची एक खोड मला माझ्या धंद्यातूनच कळली आहे.

पंधरा वर्षांचा चांगला तयार मुलगा घ्या. माडीवर मी आणि तो दोघेच असलो, पेटीवर लेहरा चालू असला, की त्याची लय घड्याळासारखी. पेशकार, कायदा, पलटे सगळे जागच्या जागी. हाच मुलगा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात बसतो. समोर त्याच्या शाळेतले चार सोबती. कायदा ठीक जातो. मग तो रेल्याला हात घालतो, पुढच्या रांगेतून कोणी "क्या बात है" म्हणून ओरडतो, आणि लय चढू लागते. पेटीवाला मान हलवून, डोळ्यांनी खुणावून त्याला मागे ओढू पाहतो. मुलगा बघतच नाही. शेवटची तिहाई समेच्या पुढे जाऊन कोसळते आणि तरीही टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी मी विचारतो, "अरे, लय चढली हे तुला कळले नाही?" उत्तर ठरलेले: "कळलं होतं, सर."

हे "कळलं होतं" मी निदान तीसचाळीस मुलांच्या तोंडून ऐकले असेल. आधी मला तो उद्धटपणा वाटे. पुढे ध्यानात आले की मूल अगदी खरे बोलत आहे. त्याला लय चढल्याचे कळत होते, तिहाई फसणार हेही बहुधा कळत होते. कळूनही हात आवरत नव्हता. आणि तोच मुलगा पंचवीसचा झाला, की तेच सोबती समोर बसलेले असूनही हात आवरतो. मधल्या दहा वर्षांत मी काही निराळे शिकविलेले नसते.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे टेंपल विद्यापीठ आहे. तेथील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो वाचला तेव्हा मला माझी गुरुपौर्णिमाच कोणी आकड्यांत मांडल्यासारखे वाटले. ३०६ माणसे घेतली, तीन वयांची: तेरा ते सोळा, अठरा ते बावीस, आणि चोविसाच्या पुढची. प्रत्येकाला संगणकावर मोटार चालविण्याचा एक खेळ दिला. पिवळा दिवा लागतो. जितके पुढे जाल तितके गुण जास्त. पण मध्येच तांबडा लागून टक्कर झाली तर कमावलेले जाते. काहींनी हा खेळ एकट्याने खेळला, काहींनी आपल्याच वयाचे दोन मित्र शेजारी बसवून. एकट्याने खेळताना तिन्ही वयांत विशेष फरक पडला नाही. पंधरा वर्षांचा मुलगा आणि तीस वर्षांचा गृहस्थ सारखेच सावध. मित्र शेजारी येताच लहानांचे धाडस जवळजवळ दुप्पट झाले, मधल्यांचे निम्म्याने वाढले, आणि थोरांवर काही परिणाम झाला नाही. २०११ साली याच विद्यापीठातल्या दुसऱ्या प्रयोगात, मुले तसाच खेळ खेळत असताना यंत्राने त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मित्र दुसऱ्या खोलीतून पाहत आहेत एवढे नुसते सांगितले, तरी बक्षीस मिळण्याच्या आशेने जे भाग जागे होतात ते मुलांच्या मेंदूत अधिक पेटले. मोठ्यांच्या मेंदूत तसे झाले नाही. म्हणजे मित्राने चिथावणी द्यावी लागते असेही नाही. त्याचे असणेच पुरे.

आपल्याकडे अशी एक समजूत आहे की तरुण पोरांना आपण अमर आहोत असे वाटते, म्हणून ती धोक्यात उडी घेतात. संशोधकांनी हे तपासले तेव्हा उलटेच दिसले. पुष्कळ धोक्यांच्या बाबतीत या वयाची मुले धोका असतो त्याहून अधिकच समजतात. मग उडी का घेतात? कारण पलीकडच्या तराजूत जे पडते त्याचे वजन त्या क्षणी फार असते: सोबत्यांची नजर, हसू, दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितली जाणारी गोष्ट. मी स्वतः पंधरा वर्षांचा असताना एका उत्तरायणाला जुन्या शहरातल्या आमच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उडी मारली होती. खाली तीन मजले, मध्ये बोळ. एक कापलेला पतंग पलीकडे पडला होता, चार आण्यांचा. खालचा दगडी रस्ता मला आजही दिसतो, तेव्हाही स्वच्छ दिसला होता, आणि पोटात गोळा आला होता. पण तिघे पाहत होते. पुढे कितीतरी वेळा मी त्या गच्चीवर एकटा गेलो असेन, उडी मारावी असे एकदाही मनात आले नाही. आई गेली तरी तिला हे सांगितले नाही. आज छापून सांगतो आहे.

हे केवळ अमेरिकेतल्या पोरांचे असेल, आपल्या संस्कारांत वाढलेल्यांचे नव्हे, अशी शंका घेणारे वाचक असतील. त्यांच्यासाठी सांगतो की याच मंडळींनी पुढे अकरा देशांत, दहा ते तीस वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांची पाहणी केली, आणि त्या अकरांत आपला देशही होता. शांतपणे, घाई नसताना विचार करण्याची शक्ती सोळाच्या सुमारास थोरांच्या बरोबरीला येते, असे त्यांना आढळले. मात्र मन तापलेले असताना, सोबत्यांच्या गर्दीत, स्वतःला आवरण्याची शक्ती अठराच्याही पुढे वाढतच राहते. देशोदेशी थोडाफार फरक पडला तरी हा क्रम बहुतेक ठिकाणी हाच होता. मराठीत मी याला समज आणि आवर म्हणतो.

आता कायद्याकडे वळू. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत घडलेल्या भयंकर प्रकारानंतर देशभर क्षोभ उसळला. त्यातल्या एका आरोपीचे वय अठराहून थोडे कमी होते. त्या क्षोभातून २०१५ चा बालन्याय कायदा झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षांची सजा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असला, तर बालन्याय मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करावयाचे: गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता काय, परिणाम समजण्याची पात्रता होती काय, आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. त्यावरून खटला मोठ्यांप्रमाणे चालवावा की नाही हे ठरते. हे काम नाजूक आहे, त्याला तज्ज्ञाची गरज आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावून सांगितले आहे.

मला दोष द्यावयाचा नाही. ज्यांनी कलम लिहिले त्यांनी तिसरा प्रश्न, परिस्थितीचा, त्यात घातला हे चांगलेच केले. पण व्यवहारात भर पहिल्या दोहोंवर पडतो. कित्येक आठवड्यांनी, पंख्याखाली, टेबलापलीकडे बसलेल्या सभ्य माणसांपुढे मुलाला विचारले जाते, की असे केल्याने काय होईल हे तुला समजते का? समजते, असे तो म्हणणार. घटनेच्या दोन तास आधी विचारले असते तरी त्याने हेच म्हटले असते. माडीवर एकटा असताना वाजविलेला कायदा ऐकून मैफलीत लय राहील की नाही हे ठरविण्यासारखे ते आहे. पुण्याच्या प्रकरणात मोठ्यांप्रमाणे खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्याच्या कायदेशीर बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मित्रांबरोबर मद्यपान करून तो मुलगा परतत होता आणि मोटारीत तो एकटा नव्हता, असे पोलिसांचे म्हणणे होते, एवढी एक गोष्ट मात्र मी वर्तमानपत्रातून कापून ठेवली आहे.

याचा अर्थ मुलाला सोडून द्यावे असा कोणी काढील तर त्याने माझे म्हणणे ऐकलेच नाही. दोन माणसे घरी परत गेली नाहीत. ज्याच्या हातून हे घडले त्याने त्याचे ओझे उचललेच पाहिजे. पण कोणते ओझे उचलल्याने त्याचा आवर वाढेल, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावरही जगात बरेच काम झाले आहे.

टेरी मॉफिट या विदुषीने १९९३ साली एक भेद मांडला, तो फार उपयोगी वाटतो. न्यूझीलंडमधील डनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. त्या कामातून तिला दिसले की वाकड्या वाटेला लागणारी मुले दोन जातींची असतात. थोडी मुले अशी, की ज्यांची कुरबुर तीनचार वर्षांच्या वयापासून दिसते: चित्त स्थिर नसणे, भाषा मागे पडणे, आणि त्यावर घरात मारझोड किंवा अनास्था. यांचे वाकडेपण पुढे मोठेपणीही टिकते. दुसरी, संख्येने कितीतरी मोठी जात, बाराचौदापर्यंत साधीसुधी असते. मग पाचसात वर्षे सोबत्यांच्या नादाने नियम मोडते आणि विशी उलटली की बहुधा आपोआप सरळ होते. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांत गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलामुलींवर सात वर्षे नजर ठेवली, तेव्हा सातत्याने गुन्हे करीत राहिलेल्यांचे प्रमाण दहांत एकाहूनही कमी निघाले. गंभीर गुन्हे केलेल्यांत, बरे का.

तेव्हा या मोठ्या गटाच्या बाबतीत काय करू नये हे पहिल्याने सांगणे बरे. भीती घालू नये. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशी एक टूम निघाली की बिघडू लागलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभे करावे आणि त्यांच्याकडून दरडावून घ्यावे. न्यू जर्सीच्या एका तुरुंगातल्या अशा कार्यक्रमावरचा बोलपट १९७८ साली फार गाजला. पुढे नीट तुलना केली तेव्हा, ज्यांना नेले होते त्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा अधिक गुन्हे केले असे आढळले. मला याचे नवल वाटले नाही. दरडावणाऱ्या कैद्यापुढे टोळक्याने उभे राहणे हीच एक गच्चीवरची उडी झाली. कोण घाबरला नाही, याची स्पर्धा.

दुसरे, बिघडलेल्यांना बिघडलेल्यांतच कोंबू नये. टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की असल्या मुलांना एकत्र बसवून सुधारण्याचे वर्ग घेतले तर कित्येकदा ती अधिक बिघडतात. वर्गात उपदेश चालू असतो आणि खाली एक दुसऱ्याला आपला पराक्रम सांगत असतो, ऐकणारा हसतो, ते हसणेच खरे शिक्षण. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका निरीक्षणगृहात रविवारी मुलांना ठेका शिकवायला मी जात असे. कोठल्या, ते सांगत नाही. मुले बहुतेक गरिबांघरची, मोबाइल उचलल्याची, मारामारीची प्रकरणे. पहिल्या महिन्यात मी बाराचौदा मुले गोल बसवून त्यांना त्रिताल देत होतो आणि मनात म्हणत होतो, संगीताचा केवढा प्रभाव! प्रत्यक्षात डग्ग्यावर कोण किती जोरात मारतो याची चढाओढ लागली होती, आणि एक डग्गा फुटला तेव्हा फोडणाऱ्याला जो मान मिळाला तो मला आयुष्यात कधी मिळालेला नाही.

मग मला वडिलांची एक रीत आठवली. त्यांच्या शिकवणीत एका वयाची मुले कधी एकत्र बसत नसत. दहा वर्षांच्या मुलाशेजारी विशीतला, त्याच्या मागे तिशीतला. धाकटा वाजवायला बसला की मागे तंबोऱ्यावर थोरला शिष्य. तो बोलत नसे, रागावत नसे. लय चढली की तंबोऱ्याच्या तारेवरचे त्याचे बोट तेवढे किंचित जड पडे. वडील म्हणत, गुरूला मूल भिते आणि सोबत्याला भुलते. मधला माणूस पाहिजे. तंबोरा सोडून उठायचे नाही असा त्या थोरल्यांना हुकूम होता. लहानपणी मला ती जुन्या वळणाची शिस्त वाटायची.

मी माझे दोन जुने शिष्य, चोवीसपंचवीस वर्षांचे, त्या रविवारी बरोबर नेऊ लागलो. त्यांना काही शिकवायला सांगितले नव्हते. मुलांत बसून नुसते वाजवा, एवढेच. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. पण डग्गे फुटायचे थांबले. दोन मुले तर विलंबित एकतालाला कंटाळेनाशी झाली, आणि ज्यांनी तबला शिकविला आहे त्यांना ही केवढी गोष्ट हे कळेल. पुढे वाचनात आले की टेंपलच्या मंडळींनी २०१६ साली नेमके हेच तपासून पाहिले होते. अठरा ते बावीस वर्षांच्या तरुणांचे चौघांचे गट केले. काही गटांत चौथा माणूस त्यांच्याहून थोडा मोठा, पंचविशीच्या पुढचा, ठेवला. सगळे समवयस्क होते तेथे धाडस वाढले. थोरला होता तेथे ते एकट्याच्या पातळीला उतरले. थोरल्याने उपदेश केला नव्हता. तो नुसता त्यांच्यातलाच एक होता.

आपल्या जुन्या घरांत हा मधला माणूस असे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आत्याचा मुलगा, शिक्षणाला येऊन राहिलेला कोणी भाचा. दांडिया बाजारातल्या वाड्यांतून एका चुलीवर वीस माणसे जेवत, तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला निव्वळ सोळा वर्षांच्यांतच राहायला मिळतच नसे. आज शाळेचा वर्ग, शिकवणीचा वर्ग, फोनवरचा गट, सगळीकडे एकाच वयाची पोरे. आणि वर एकदम आईबाप. जुने सगळे सोन्याचे होते असे मी समजत नाही. त्या वाड्यांत मुले मारही पुष्कळ खात, आणि थोरल्या भावांनी धाकट्यांना विडी शिकविल्याचीही उदाहरणे आहेत.

आता जे लिहायचे होते आणि टाळत आलो, ते लिहितो. ओळख पटेल असे काही सांगणार नाही. अल्पवयीनाची ओळख उघड करणे कायद्यानेही वर्ज्य आहे. साल, मोहल्ला, दोन्ही गाळतो.

माझ्याकडे येणारा सोळा वर्षांचा एक मुलगा, पिढ्यान्पिढ्या गावात असलेल्या घराण्यातला, काकाची मोटारसायकल घेऊन निघाला. मागे दोन मित्र. चौकात दिवा पिवळा झाला. पिवळ्यावर काढायची अशी त्यांच्यात पैज होती म्हणे. हातगाडी ढकलत निघालेल्या एका म्हाताऱ्याला धक्का बसला. त्याचा पाय मांडीत मोडला. मुले पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची आई आणि काकू माझ्याकडे आल्या. चहा घेतला नाही. काकू म्हणाल्या, "सर, तुम्ही आमच्या घरचेच. एवढंच सांगा, की साडेआठपर्यंत तो तुमच्याकडे क्लासला होता. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

प्रश्न पोराचा होता तसा काकांचाही होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, आणि त्या वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. काका सरकारी नोकरीत. मुलाचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे गेले असते तर, इजा गंभीर असली तरी, मोठ्यांप्रमाणे खटला चालण्याचा प्रश्नच नव्हता. समुपदेशन, समाजसेवा, देखरेख, दंड, अशाच गोष्टी होत्या. हे मी त्यांना सांगितले. काकू म्हणाल्या, "नाव तर जाईलच ना!"

मी लगेच नाही म्हटले, असे सांगायला मला आवडले असते. मी म्हटले, विचार करून सांगतो. रात्री झोप लागली नाही. पुण्याच्या प्रकरणात वडीलधाऱ्यांनी मुलाच्या रक्ताचा नमुना बदलविला, घरच्या चालकावर गुन्हा आपल्या अंगावर घेण्यासाठी दडपण आणले, असा पोलिसांचा आरोप आहे. ते वाचताना मी किती तावातावाने बोललो होतो! आणि येथे माझ्याकडे नमुना मागितला होता तो फक्त हजेरीच्या वहीतल्या एका सहीचा. शिवाय मला माझेही काही आठवत होते. दोन महिने ती मोटारसायकल माझ्या दारात लागत होती. मुलगा चालवीत आणतो हे मला दिसत होते. त्याचे सोबती खाली थांबलेले असत आणि शिकवणी सुटली की तिघे एकदम हॉर्न वाजवीत निघत. मी खिडकी लावून घेत असे. घरंदाज माणसांना कशाला दुखवा, हा एक विचार. आणि फी वेळेवर येते, हा दुसरा. लय चढताना ऐकू येत होती आणि माझे बोट जड पडले नाही.

सकाळी मी जाऊन सांगितले, की वहीत तो साडेसहाला येऊन सातला गेल्याची नोंद आहे आणि मी तीच सांगेन. मुलाच्या वडिलांनी दाराबाहेरूनच मला वाटेला लावले. तेव्हापासून लग्नकार्यात आम्ही समोरासमोर आलो तर ते पंगत बदलतात. दोन घरांनी आपली मुले माझ्याकडून काढून घेतली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर काय केले असते हे मला खात्रीने सांगता येत नाही.

मुलगा मात्र तीन आठवड्यांनी आला, एकटा, चालत. मागच्या बाजूला उभा राहिला. थोरले शिष्य वाजवीत होते ते थांबले. त्याने मला विचारले, "सर, मंडळापुढे विचारलं तर मागे दोघं बसले होते हे सांगू का? ते नको म्हणतायत."

मी विचारले, "म्हातारेबुवांना भेटलास का?"

"नाही. घरचे जाऊ देत नाहीत."

माझ्या थोरल्या शिष्यांतला एक, सव्वीस वर्षांचा, बँकेत कारकून आहे, तो उठला. चपला घालत म्हणाला, "चल, मी येतो बरोबर. दवाखाना मला माहीत आहे." मी काही बोललो नाही. दोघे जिना उतरून गेले. त्या दिवशी पुढची शिकवणी मी लवकर संपविली. खिडकी उघडी ठेवून रस्त्याकडे पाहत बसलो होतो, ते साडेनऊला परत येताना दिसले तोवर.